नावे जुळत नाहीत: फ्रेस्नोजवळच्या एका द्राक्षबागेचे प्रकरण

हे प्रकरण २०१९ ते २०२१ या काळातले आहे. मी त्या बागेचे हिशेब आणि पगारपत्रक सांभाळत होते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या हातून गेला. माणसांची आणि गावाची नावे देत नाही. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि एकरांचे आकडे ढोबळ ठेवले आहेत. कायदे, त्यांच्या तारखा आणि मजुरीचे सरकारी दर मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

माझे माहेर तासगावकडचे. थॉम्पसन द्राक्ष आणि बेदाणा बघतच मी मोठी झाले. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात आले तेव्हा तीच थॉम्पसन जात इथेही भेटली, पण बेदाण्याची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे घड शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत वाळतात. इथे ते कापून वेलींच्या दोन ओळींमधल्या जमिनीवर, कागदाच्या ट्रेवर उन्हात पसरतात. ऑगस्टच्या अखेरीस कापणी सुरू होते आणि दोन-तीन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. पाऊस यायच्या आत तो उचलावा लागतो. सगळ्या वर्षाचा निकाल या थोड्या आठवड्यांत लागतो. मजूर ओणवे होऊन, चाळीस अंशांच्या उन्हात वाकड्या सुरीने घड कापतात आणि ट्रेच्या हिशेबाने मजुरी घेतात.

बागेचे मालक पंजाबी घरातले, दुसऱ्या पिढीचे. द्राक्षांबरोबर पीच आणि नेक्टरिनही होते. छाटणी, विरळणी आणि पाणी यांसाठी चाळीसेक माणसे बागेच्या स्वतःच्या पगारपत्रकावर होती. बेदाण्याच्या हंगामात आणखी पन्नास-साठ लागत, ती मजूर कंत्राटदाराकडून येत. हा कंत्राटदार म्हणजे आपल्या ऊसतोडीतला मुकादमच म्हणा. टोळी तोच आणतो, हजेरी तोच ठेवतो, पैसे त्याच्या हातून वाटले जातात. उचल इथे नसते. पण मजुरांना गाडीतून शेतावर आणणारे ‘राइतेरो’ असतात आणि त्यांचे भाडे मजुराच्याच खिशातून जाते.

बहुतेक कामगार मेक्सिकोच्या वाहाका राज्यातले मिश्तेक आदिवासी. घरात मिश्तेको बोलणारे, स्पॅनिश कामापुरती. त्यांच्या म्होरक्याला, इथल्या भाषेत मायोर्दोमोला, या बागेत वीस वर्षे झाली होती.

आता मूळ गाठ. १९८६ पासून अमेरिकेत कोणालाही कामावर घेताना आय-९ नावाचा फॉर्म भरावा लागतो. कामगार ओळखीचे आणि कामाच्या परवानगीचे कागद दाखवतो. ते खरे दिसत असतील तर मालकाने स्वीकारायचे. अमुकच कागद आण म्हटले तर तो भेदभाव ठरतो. कागद खोटे आहेत हे ठाऊक असून माणूस ठेवला तर दंड होतो. केंद्र सरकारच्याच पाहणीनुसार पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी दहांतल्या साधारण चारांकडे परवानगी नाही. म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. मालक विचारत नाही, मजूर सांगत नाही, आणि त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचे, ६.२ टक्के दर वेळी कापले जातात. ते पेन्शन त्याला कधी मिळणार नसते.

अडचण

२०१९ च्या वसंतात सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाने देशभरातल्या मालकांना पुन्हा पत्रे पाठवायला सुरुवात केली. तुम्ही दिलेल्या २०१८ च्या पगाराच्या नोंदींत काही नावे आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक आमच्या नोंदींशी जुळत नाहीत, असा त्यांचा मजकूर. आमच्याकडेही एक आले. पत्रात नावे नव्हती. ती पाहायला सरकारी संकेतस्थळावर खाते उघडून आत जायचे होते. साठ दिवसांत दुरुस्ती करा, असेही लिहिले होते. त्याच पत्रात असेही होते की न जुळण्याचा अर्थ कामगार बेकायदा आहे असा होत नाही, आणि एवढ्या कारणावरून त्याला काढू नका.

मालकीणबाईंनी पत्र माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, “हे उघडायचं की नाही?”

हा पहिला निर्णयाचा क्षण. खाते उघडले की नावे कळणार, आणि कळले की ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणायची सोय संपणार. न उघडावे तर उद्या तपासणी झाली की डोळ्यांवर कातडे ओढून बसलात असे म्हणायला पुरावा तयार. वकिलाने उघडा म्हणून सांगितले. उघडले. चाळीसांतली सतरा नावे जुळत नव्हती.

त्या सतरांत निव्वळ लिखाणाच्या चुकाही होत्या. मेक्सिकोच्या माणसाला दोन आडनावे असतात, बापाचे आणि आईचे. आमच्या आधीच्या कारकुनाने कधी एक लिहिले होते, कधी दुसरे. आपल्या पासपोर्टांवर वडिलांच्या नावाची जी फरफट होते ती आठवली. यांतल्या एक बाई जन्माने अमेरिकन होत्या. त्यांचे नाव जुळत नव्हते ते केवळ लग्नानंतर बदललेल्या आडनावामुळे. अशी चार नावे दुरुस्त झाली. उरली तेरा. त्यांत मायोर्दोमोही होता.

समोर असलेले पर्याय

ज्यांची नावे जुळत नाहीत त्यांना काढून टाकावे, हे मालकांच्या एका नातेवाइकाने सुचवले. पत्रातच त्याला मनाई होती, आणि विरळणी तोंडावर असताना तेरा कसबी माणसे काढणे म्हणजे पीचचे पीक सोडून देणे होते. हा पर्याय पाच मिनिटांत मागे पडला.

दुसरा पर्याय गप्प बसण्याचा. शेजारच्या बऱ्याच बागांनी तेच केले.

तिसरा, कामगारांना रीतसर कळवून वेळ देण्याचा. तुमचे नाव जुळत नाही, सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन पाहा, काही बदल असेल तर कळवा. वकिलांच्या मते सर्वात सुरक्षित हाच.

चौथा, सगळी माणसे कंत्राटदाराकडून घ्यायचा. मग आय-९ त्याचे, पत्र त्याला, काळजी त्याची. हा मार्ग इथे सर्रास वापरला जातो. मला तो पहिल्यापासून पटला नव्हता. मी तसे बोललेही, पण जितके ठामपणे बोलायला हवे होते तितके नाही.

पाचवा, एच-२ए व्हिसावर मेक्सिकोहून हंगामी मजूर आणायचा. या व्हिसाला संख्येची मर्यादा नाही, पण अटींची रांग मोठी आहे. आधी इथल्या लोकांसाठी जाहिरात द्यायची. आणलेल्यांना राहायला मोफत जागा, येण्याजाण्याचा खर्च, कराराच्या किमान तीन चतुर्थांश तासांच्या कामाची हमी, आणि सरकारने दरवर्षी ठरवलेला दर द्यायचा. कॅलिफोर्नियात २०१९ साली तो दर तासाला १३.९२ डॉलर होता. मोठ्या मालकांसाठी राज्याचे किमान वेतन होते १२ डॉलर. शिवाय काम हंगामीच असले पाहिजे. बारमाही दूध काढणाऱ्या गोठ्यांना हा दरवाजा बंदच आहे.

सहावा पर्याय बाग उपटून बदाम लावायचा. बदाम यंत्राने झाड हलवून पाडतात.

या सहांत कुठेही ‘मायोर्दोमोला कायदेशीर करावे’ असा पर्याय नव्हता. मालक त्याच्यासाठी वाट्टेल ते करायला तयार होते. त्यांनी वकिलाला तीनदा विचारले. वीस वर्षे काम केले, कर भरले, मुले इथे जन्मली. यातले काहीही मोजले जात नाही, हे त्यांना खरे वाटेना. १९८६ च्या कायद्याने अशा सुमारे अकरा लाख शेतमजुरांना रहिवासी केले होते. वर्षभरात ९० दिवस शेतात काम केल्याचा पुरावा त्यासाठी पुरला होता. पण त्या कायद्याने पुढे येणाऱ्यांसाठी चालण्यासारखी वाट केली नाही. कागद मिळालेले अनेक जण शहरांतल्या कामांकडे गेले आणि त्यांच्या जागी आलेले पुन्हा कागदांविना आले. आमचा मायोर्दोमो त्या दुसऱ्या खेपेतला.

काय केले

तिसरा पर्याय घेतला. पण तो अमलात कसा आणला, यात आमची पहिली मोठी चूक झाली. शुक्रवारच्या पगाराच्या पाकिटात आम्ही स्पॅनिशमध्ये छापलेली सूचना घातली. मजकूर वकिलाने तपासलेला, एकही शब्द वावगा नाही. सोमवारी तेरांतले आठ जण आलेच नाहीत. आणि ज्यांची नावे अगदी नीट जुळत होती असे दोघेही गेले.

असे का झाले ते मायोर्दोमोने नंतर सांगितले. अर्ध्यांना स्पॅनिश वाचता येत नव्हते. ‘सेगुरो सोशाल’, म्हणजे सोशल सिक्युरिटी, एवढे दोन शब्द ओळखू आले आणि रात्रीत घरोघर निरोप गेला की सरकारचे लोक येणार. आम्ही कायद्याला उत्तर दिले होते. समोरच्या माणसाशी बोललोच नव्हतो.

बेदाण्याच्या हंगामासाठी मग चौथा पर्यायही घ्यावा लागला आणि कंत्राटदाराची टोळी वाढवली. ऑगस्टच्या एका सकाळी मी पाण्याची पिंपे मोजायला शेतात गेले तर त्या टोळीत आमचेच तिघे. मे महिन्यात गेलेले. तेच वेल, तीच सुरी, फक्त आता मध्ये एक माणूस, आणि रोजचे गाडीभाडे त्यांच्या अंगावर. एकाने मला पाहून टोपी खाली ओढली. मी काही बोलले नाही. मालकांना संध्याकाळी सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. वकिलाने आधीच बजावले होते की ठाऊक असून कंत्राटदाराच्या आडून तीच माणसे वापरणे हाही गुन्हाच आहे. म्हणजे जबाबदारी टळली नव्हती, फक्त मजुराची कमाई घटली होती.

७ ऑगस्टला मिसिसिपीतल्या कोंबडीच्या कारखान्यांवर छापे पडले आणि सुमारे ६८० कामगार पकडले गेले. मिसिसिपी आमच्यापासून तीन हजार किलोमीटर. दुसऱ्या दिवशी आमच्या बागेत निम्मी टोळी नव्हती.

त्या हंगामातला काही बेदाणा उशिरा पडला आणि त्याला कमी भाव मिळाला. तेव्हा मालकांनी ठरवले: २०२० साठी वीस माणसे एच-२ए वर आणायची.

जाहिरातीला चार जण आले, एक जण टिकला. राहण्यासाठी जुने मोटेल भाड्याने घेतले, तपासणीत दोनदा नापास झाले, मग पास. दर तोवर १४.७७ डॉलर झाला होता, आणि नियम असा की तेच काम करणाऱ्या इथल्या कामगारांनाही तोच दर द्यायचा. पाणी देणारे आणि ट्रॅक्टर चालवणारे त्या नियमात येत नव्हते. हा दुसरा महत्त्वाचा निर्णय. कायद्याप्रमाणे त्यांना जुनाच दर देता आला असता. मालकीणबाईंनी सगळ्यांचा वाढवला. नवा माणूस फुकट घरात राहून जास्त कमावतो आणि पंधरा वर्षे काम केलेला माणूस भाडे भरून कमी, हे एका बागेत चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मी खर्चाचा तक्ता दाखवला. त्यांनी तो बाजूला सारला. आज वाटते, त्या दोन वर्षांतला सर्वात बरोबर निर्णय तोच होता.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे मेक्सिकोतल्या अमेरिकन वकिलातींनी नेहमीचे व्हिसाचे काम थांबवले. पुढच्याच आठवड्यात एच-२ए साठी मुलाखतीची अट सैल झाली. तरी आमची माणसे पाच आठवडे उशिरा आली. मोटेलच्या खोल्यांत चारांऐवजी दोन माणसे ठेवावी लागली. खर्च दुप्पट झाला.

या गोंधळात एक गोष्ट मला फार लागली. शेतमजूर अत्यावश्यक आहेत असे केंद्र सरकारने जाहीर केले. रस्त्यात कोणी अडवले तर दाखवायला आम्ही प्रत्येकाला तसे पत्र दिले. मायोर्दोमोच्या पाकिटातही ते पत्र होते. देशाला अत्यावश्यक असल्याचा कागद त्याच्याकडे होता, देशात राहण्याचा नव्हता.

जुलैत दुसरा धक्का बसला. नव्या वीसांतले दोघे मायोर्दोमोशी मिश्तेकोत बोलले. त्यांच्या गावातल्या भरती करणाऱ्याने व्हिसासाठी प्रत्येकाकडून पैसे घेतले होते. एकाने त्यासाठी जमीन गहाण टाकली होती. असे पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे, आमच्या करारातही ती होती. मग त्यांनी आधी का सांगितले नाही? कारण व्हिसा या एका बागेचा. दुसऱ्या मालकाने नव्याने अर्ज केल्याशिवाय त्यांना दुसरीकडे काम करता येत नाही. तक्रार केली आणि मालक बिघडला तर घरी परत, डोक्यावर कर्ज घेऊन. बीडच्या तोडणीवाल्याला उचलीचे जोखड जसे मध्येच टाकता येत नाही, तसेच हे.

मालकांनी वीसही जणांना ती रक्कम बागेच्या खात्यातून परत दिली आणि त्या भरती करणाऱ्याशी संबंध तोडला. सरकारला कळवावे की नाही यावर दोन दिवस घासाघीस झाली. कळवले.

काय झाले

२०२० चा बेदाणा वेळेवर पडला. मात्र एकरी खर्च इतका वाढला की त्या हिवाळ्यात मालकांनी थॉम्पसनचा तिसरा हिस्सा उपटला आणि बदाम लावले. एच-२ए ची माणसे दुसऱ्या वर्षी बारा केली. मे २०१९ मध्ये गेलेल्या दहांपैकी दोघे परत आले. तेही ज्यांची नावे जुळत होती तेच. बाकीच्यांचे काय झाले ते पूर्ण कळले नाही. दोन कुटुंबे वॉशिंग्टन राज्यात सफरचंदांकडे गेली. २०२१ मध्ये सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाने ती पत्रे पाठवणे बंद केले. ज्यांनी पत्र न उघडता कपाटात टाकले त्या शेजाऱ्यांना काहीही झाले नाही.

ही गोष्ट पचायला जड आहे. नियम पाळायला निघालेल्या बागेने माणसे गमावली, आणि न पाळणाऱ्यांची माणसे जागच्या जागी राहिली.

वॉशिंग्टनमधले विधेयक

याच काळात कायदा बदलण्याची खरी संधी आली होती. शेतमजूर आधुनिकीकरण विधेयक कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट झोई लॉफग्रेन आणि वॉशिंग्टन राज्याचे रिपब्लिकन डॅन न्यूहाउस यांनी मिळून आणले. ११ डिसेंबर २०१९ ला प्रतिनिधिगृहात ते २६० विरुद्ध १६५ मतांनी संमत झाले, आणि मार्च २०२१ मध्ये पुन्हा २४७ विरुद्ध १७४ मतांनी.

त्यातला सौदा दोन्ही बाजूंचा होता. मागच्या दोन वर्षांत १८० दिवस शेतात काम केलेल्याला साडेपाच वर्षांचा कायदेशीर दर्जा. आधी दहा वर्षे काम केले असेल तर आणखी चार वर्षे काम आणि १,००० डॉलर दंड भरून ग्रीन कार्डची वाट. मालकांसाठी एच-२ए दराच्या वाढीला लगाम, तीन वर्षांचा व्हिसा आणि गोठ्यांसारख्या बारमाही कामासाठीही काही व्हिसे. ठरावीक संख्येच्या मजुरांना मालक बदलण्याची मुभा. या सगळ्याच्या बदल्यात पुढे कागद संगणकावर पडताळणे सक्तीचे. शेतमजुरांची संघटना आणि बऱ्याच बागायतदारांच्या संघटना एका बाजूला आल्या होत्या, हे इथल्या इतिहासात नेहमी घडत नाही.

सेनेटमध्ये ते अडकले. एच-२ए मजुरांना केंद्रीय न्यायालयात दावा लावण्याचा हक्क द्यायचा का, हा वादाचा एक मोठा मुद्दा होता. देशातल्या सर्वात मोठ्या शेतकरी संघटनेचा त्याला विरोध होता. डिसेंबर २०२२ मध्ये शेवटचा प्रयत्न झाला आणि अधिवेशन संपले.

मला त्या हक्काचे भय वाटत नाही. आमच्या दोघांना भरती करणाऱ्याविरुद्ध जायला जागा असती तर जुलैची वाट पाहावी लागली नसती, आणि प्रामाणिक मालकाला त्यात तोटा नव्हता. उलट संगणकावरची सक्ती एकटीच आली असती, कामगारांना दर्जा न देता, तर मे २०१९ चा तो सोमवार खोऱ्यातल्या प्रत्येक बागेत आला असता. हे दोन भाग सुटे करता येत नाहीत, हे मी पगारपत्रकावर पाहिले आहे.

पुन्हा वेळ आली तर

सूचना पाकिटात घालणार नाही. आधी मायोर्दोमोला बसवून समजावेन, मग त्याने शेडमध्ये सगळ्यांना मिश्तेकोत सांगावे, कामाच्या वेळात, पगार चालू ठेवून. या पत्राचा अर्थ काय नाही, ते आधी सांगावे. कागद नंतर.

नावांच्या चुका पत्र यायच्या आधीच शोधेन. त्या चार जणांची धास्ती पूर्णपणे टाळता आली असती.

कंत्राटदाराच्या पर्यायाला मी ठाम नाही म्हणायला हवे होते. माझे काम हिशेबाचे होते हे खरे. पण त्या तीन माणसांच्या कमाईतला फरक आकड्यांत मांडून दाखवणे हा हिशेबच होता, आणि तो मी मालकांपुढे ठेवला नाही.

भरतीबद्दल मजूर पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारेन, त्यांच्या भाषेत, मालक समोर नसताना. आम्ही करारातल्या एका कलमावर विसंबलो.

आणि नोंदी. २०१९ च्या डिसेंबरात, छाटणी चालू असताना, मायोर्दोमो ऑफिसात आला होता. विधेयक संमत झाल्याचे रेडिओवर ऐकून १८० दिवसांचे कागद मागायला. त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात जपलेल्या होत्या, पण पहिली सहा वर्षे दुसऱ्याच नावावर. माणूस तोच, हे सांगणारी एकही ओळ आमच्या दप्तरात नव्हती. अशी नोंद कशी ठेवावी, हे तेव्हाच वकिलाला विचारायला हवे होते. विधेयकात मालकाने दिलेल्या अशा पुराव्यावरून मालकावरच कारवाई होऊ नये, अशी तरतूद होती. कायदा झाला नाही, तरतूदही कागदावरच राहिली.

२०२३ च्या उन्हाळ्यात तेच विधेयक पुन्हा मांडले गेले तेव्हा तो परत आला. या वेळी रेडिओचे काही बोलला नाही. मागच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती हव्यात, एवढेच म्हणाला. मी त्या काढल्या, दिवस मोजले, वर पेन्सिलीने बेरीज लिहिली: ५६२. त्याने त्या घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि पाणी सोडायला गेला.